दवाखान्याचा नंबर लावायचं ॲप: नोंदणीत माणसं अडकू नयेत म्हणून काय बदलावं?

कानामात्रा
तालुक्याच्या एका दवाखान्यासाठी मराठी ॲप करतोय. घरबसल्या ओपीडीचा नंबर लागावा, एवढंच काम. नोंदणीत पहिलं नाव, वडिलांचं/पतीचं नाव, आडनाव, पुरुष/स्त्री, जन्मतारीख, वैवाहिक स्थिती आणि मोबाइल, सगळंच सक्तीचं आहे. चाचणीत बऱ्याच बायका दुसऱ्या रकान्याशी थांबतात, वयस्कर माणसं जन्मतारखेशी. काही नावं तर ॲप घेतच नाही, "चुकीचं नाव" असं लाल अक्षरांत दाखवतं. सुरुवात कुठून करू?

रेघोटी
प्रत्येक रकान्यापुढे विचारा: हे कळलं नाही तर डॉक्टरांचं काय अडेल? वैवाहिक स्थितीवाचून काहीच अडत नाही. काढून टाका. ताप आला म्हणून नंबर लावणाऱ्या बाईला आपण विधवा आहोत की नवऱ्याने टाकलेली, हे आधी का सांगावं लागावं?

"वडिलांचं/पतीचं नाव" हाही रकाना नको. अविवाहित आईला वडिलांचं नाव न सांगता मुलाचा जन्मदाखला मिळायला हवा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्येच सांगितलंय. शिवाय १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांची नावं महाराष्ट्रात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी येतात. ते चार भाग तुमच्या तीन रकान्यांत बसणार कसे? "पूर्ण नाव" असा एकच लांब रकाना ठेवा आणि एकच शब्द लिहिला तरी पुढे जाऊ द्या.

लिंगाच्या रकान्यात स्त्री, पुरुष, तृतीयपंथी, "सांगायचं नाही" हे चार पर्याय द्या. "इतर" लिहू नका, त्या शब्दाने माणूस उरलासुरला ठरतो.

अर्धचंद्र
"चुकीचं नाव" कुठून येतं ते बघा. युनिकोडमध्ये (संगणकात प्रत्येक लिपीतल्या अक्षराला क्रमांक देणारी पद्धत) काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त हे "अक्षर" वर्गात नाहीत, "चिन्ह" वर्गात आहेत. तपासणीचा नियम फक्त अक्षरंच मान्य करत असेल तर "कमल" चालेल आणि "सुनीता" अडेल. दोन्ही वर्ग घ्या. शिवाय स्पेस, टिंब आणि शून्य रुंदीचा जोडक (डोळ्यांना न दिसणारी खूण, युनिकोड क्रमांक २००डी) घ्या. गोऱ्हे, कुऱ्हाडे यांतला ऱ्ह काही कीबोर्ड ऱ वापरून लिहितात, काही र, हलन्त आणि हा जोडक वापरून. दिसायला सारखंच, पण शोधताना जुळत नाही. साठवताना एकच रूप करा.

लांबीची मर्यादा बाइटमध्ये, म्हणजे संगणकाच्या साठवणीच्या एककात, नको. "क्षितिज" डोळ्यांना तीन अक्षरं, पण युनिकोडचे ७ क्रमांक आणि यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत २१ बाइट. ३० बाइटची मर्यादा असेल तर आडनाव मधेच तुटतं. एसएमएसलाही हेच गणित: इंग्रजीत १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०. म्हणून वार आणि वेळ आधी, दवाखान्याचं नाव शेवटी.

सांजवात
जन्मतारखेबद्दल. शाळेत घालताना गुरुजींनी १ जून लिहिलेली किती माणसं आपल्याकडे आहेत! खरी तारीख त्यांनाही माहीत नसते. वय वर्षांत विचारा, तान्ह्या बाळांचं महिन्यांत. मागे मागे सरकवायचं कॅलेंडर तर नकोच. सत्तरीच्या माणसाला १९५४ गाठेपर्यंत बोट दुखतं.

मोबाइल घरात एकच असतो, तोही बहुधा मुलाकडे. एका क्रमांकावर कितीही रुग्ण नोंदवू द्या. आणि त्यामुळेच संदेशात "स्त्रीरोग" किंवा "मानसोपचार" असं काही लिहू नका. "उद्या ११ वाजता, नंबर १४" पुरे. ओटीपीची मुदत संपण्याआधी सूचना द्या, मुदत वाढवायला निदान २० सेकंद द्या.

आठवणीचे संदेश पाठवणार असाल तर "हे संदेश बंद करा" हे बटण प्रत्येक संदेशापाशी हवं, कारण न विचारता. गर्भपात झालेल्या बाईला दर महिन्याला "बाळ आता एवढं झालं" असा संदेश येत राहणं फार क्रूर आहे. डिसेंबर २०१४ मध्ये फेसबुकच्या वर्षअखेरच्या उजळणीने एका बापाला त्याच वर्षी गेलेल्या मुलीचा फोटो नाचणाऱ्या चित्रांच्या चौकटीत दाखवला होता. वर्ष सगळ्यांचं छानच गेलं असेल, हे बनवणाऱ्यांनी धरून चाललं होतं.

कानामात्रा
खूप उपयोगाचं. वैवाहिक स्थिती आणि मधलं नाव आजच काढतो. पण मग दोन सुनीता पाटील आल्या तर ओळखायच्या कशा?

रेघोटी
पूर्ण नाव, वय आणि गाव एकत्र बघा. तरी जुळलं तर ॲपने आपणहून नोंदी एक करू नयेत. काउंटरवरच्या माणसाला दोन्ही दाखवाव्यात. चुकून एक झाल्या तर एकीची औषधाची ॲलर्जी दुसरीच्या कागदावर जाते. पहिल्या भेटीतच प्रत्येकाला रुग्ण क्रमांक द्या आणि तो केसपेपरवर मोठ्या अक्षरांत छापा. ज्यांच्याकडे फोन नाही त्यांचंही काम त्यावर चालतं.