पावात घालण्यासाठीचा मासा न तळता कुरकुरीत कसा करावा?

प्रतापनगरची सून:
नमस्कार. आमच्याकडे रविवारी संध्याकाळी फिश सँडविचचा बेत असतो. सासऱ्यांचे कोलेस्टेरॉल वाढल्यामुळे डॉक्टरांनी त्यांना तळलेले पदार्थ बंद केले आहेत, मासा मात्र चालेल असे सांगितले आहे. त्यामुळे हल्ली मी मासा ओटीजीमध्ये भाजते. परंतु ब्रेडच्या चुऱ्याचे आवरण वरून पांढरे राहते, खालून ओले होते आणि ते तांबूस होईपर्यंत थांबावे तर आतला मासा कोरडा पडतो. शिवाय नागपूरच्या उन्हाळ्यात बर्फातून येणाऱ्या समुद्राच्या मासळीचा भरवसा वाटत नाही. रोहू ताजा मिळतो, पण सँडविचमध्ये काटे नकोत. मासा कोणता घ्यावा आणि आवरणाचे काय करावे?

भंडारेकर:
रोहू आणि कतला यांच्या मांसात, कण्याला न जोडलेले, टोकाशी दुभंगलेले बारीक काटे असतात. विक्रेत्याने कितीही सफाईने काप काढून दिले तरी ते आत राहतातच, त्यामुळे हे मासे रश्श्यासाठीच ठेवावेत. आपण मरळ मासा पाहावा. मधला काटा काढला की त्याचे मांस जवळजवळ निर्धोक असते, आणि हवेतून श्वास घेता येत असल्याने तो पुष्कळदा जिवंतच विकला जातो. ताजेपणाचा प्रश्नच उरत नाही. नागपुरातल्या 'मंगळवारी' नावाच्या बाजारात किंवा भोईपुऱ्यात सकाळी लवकर चौकशी करावी. तो महाग पडतो हे खरे. स्वस्तात हवा असल्यास मोठ्या आकाराच्या चिलापीचे काप काढून घ्यावेत. गोठवलेला बासा घेणार असाल तर तो रात्रभर फ्रिजमध्येच वितळू द्यावा, कारण त्याला फार पाणी सुटते.

ओटीजी_आणि_मी:
ताई, आवरण ओव्हनमध्ये तांबूस होण्याची वाट पाहूच नये. पाऊण इंच जाडीचा काप 220 अंश सेल्सिअसला साधारण 10 ते 12 मिनिटांत शिजतो आणि तेवढ्या वेळात कोरड्या चुऱ्याला रंग चढत नाही. म्हणून एक वाटी चुरा एक मोठा चमचा तेलात, मध्यम आचेवर, सोनेरी होईपर्यंत कढईत आधीच परतून घ्यावा. चार कापांमध्ये ते तेल वाटले गेले की प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम 30 उष्मांक येतात. ब्रेडच्या चुऱ्याऐवजी ज्वारीच्या लाह्या जाडसर चुरून घेतल्या तर मला अधिक आवडतात, कारण त्या हलक्या असतात आणि मैदाही टळतो.

दुसरी गोष्ट पाण्याची. मीठ आणि लिंबू लावून काप पंधरा मिनिटांहून अधिक ठेवू नयेत, आणि नंतर सुती कापडाने ते अगदी कोरडे टिपावेत. ओल्या माशाची वाफ आवरणातच अडकते. मग अंड्याच्या फेटलेल्या पांढऱ्याचा किंवा दही-बेसनाचा पातळ थर द्यावा. तिखट, हळद, गरम मसाला हे सारे याच थरात घालावे, कारण वर भुरभुरलेला मसाला करपून कडवट होतो. (सावजी मसालाही येथे उत्तम लागतो, फक्त त्यावरची तर्री विसरावी लागेल.) ओटीजी पूर्ण तापल्यावर काप ट्रेवर न ठेवता जाळीवर ठेवावेत, खाली ट्रे असू द्यावा, आणि वरखालच्या दोन्ही कांड्या चालू ठेवाव्यात. काट्याने दाबल्यावर मांसाच्या पाकळ्या सुटल्या आणि आतला काचेसारखा पारदर्शकपणा गेला की लगेच बाहेर काढावे. थर्मामीटर असल्यास मध्यभागी 63 अंश पुरेसे आहेत.

वर्धा_रोडवरून:
माशाविषयी वर सर्व आलेच आहे. मला काळजी पावाची आणि मेयोनेझची वाटते. मेयोनेझच्या एका मोठ्या चमच्यात सुमारे 90 उष्मांक असतात आणि ते जवळजवळ सगळे तेलाचे. तळण्यात वाचवलेले तेल असे मागच्या दाराने परत येते. त्याऐवजी चक्क्यात लसूण, हिरवी मिरची, थोडी मोहरीची पूड आणि आपल्याकडची जवसाची चटणी कालवून पाहावी. ब्राउन ब्रेडचा रंग पुष्कळदा कॅरामेलचा असतो. वेष्टनावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. तेथे पहिले नाव मैद्याचे असेल तर तो पाव परत ठेवावा. पावात मीठही असते, म्हणून माशाला मीठ बेताचेच लावावे.

प्रतापनगरची सून:
सर्वांचे आभार. रविवारी दुपारी पाहुणे असतात, तेव्हा यातले सकाळीच काय काय करून ठेवता येईल?

ओटीजी_आणि_मी:
परतलेला चुरा गार करून डब्यात भरून ठेवावा, आणि चक्का तर आदल्या रात्रीच फ्रिजमध्ये टांगावा. मासा साफ करून, टिपून, झाकून फ्रिजमध्ये ठेवता येतो. मात्र मीठ-लिंबू आणि आवरण भाजण्याच्या ऐनवेळीच लावावे. काकडी व कांदा पाव भरतानाच चिरावा, नाहीतर त्यांच्याच पाण्याने पाव भिजतो.