'सॅलरी' आणि मीठ : रोमन सैनिकांना खरंच मिठात पगार मिळत होता का?

शब्दकुतूहल
इंग्रजीतला 'सॅलरी' हा शब्द लॅटिन 'साल' म्हणजे मीठ यावरून आला, हे सगळीकडे सापडतं. पण पुढचं स्पष्टीकरण दर ठिकाणी वेगळं. कुणी म्हणतं सैनिकांना पगार म्हणून मीठच देत, कुणी म्हणतं मीठ घ्यायला वेगळे पैसे देत, आणि काही ठिकाणी तर 'सोल्जर'सुद्धा मिठावरूनच आला असं लिहिलंय. यातल्या कशाला पुरावा आहे? मूळ लॅटिन उतारा कुठे पाहायचा तेही सांगा.

कोशवाचक
शब्दाच्या रूपाबद्दल वाद नाही. 'सालारियुस' हे विशेषण, अर्थ 'मिठाचा, मिठासंबंधीचा'. त्याचं नपुंसकलिंगी रूप 'सालारियुम' नामासारखं वापरात आलं, तेव्हा त्याचा अर्थ होता भत्ता किंवा मानधन. तिथून फ्रेंचमार्गे ते चौदाव्या शतकात इंग्रजीत पोचलं. घोळ आहे तो मिठापासून पैशापर्यंतच्या प्रवासात.

सैनिकांना मिठात पगार मिळे, असं एकाही प्राचीन लेखकानं लिहिलेलं नाही. पॉलिबियस या ग्रीक इतिहासकारानं आपल्या इतिहासाच्या सहाव्या पुस्तकात रोमन फौजेच्या पगाराचा तपशील दिलाय : पायदळाला दिवसाला दोन ओबोल (ग्रीक नाणी), महिन्याचा गहू किती, घोडेस्वाराला जव किती, धान्याचे, कपड्यांचे आणि शस्त्रांचे पैसे पगारातून कसे कापायचे, सगळं. त्यात मीठ नाही. शिवाय सैनिकाच्या नेहमीच्या पगाराला लॅटिनमध्ये शब्दच वेगळा होता, 'स्टिपेंडियुम'. सम्राट ऑगस्टसच्या काळात तो वर्षाला 225 देनारियुस होता आणि तीन हप्त्यांत मिळे. पुढे सम्राट डोमिशियननं तो 300 केला. हे चांदीच्या नाण्यांचे आकडे आहेत.

'सालारियुम' मिळे तो बहुतेक वरच्या लोकांना. रोमन चरित्रकार स्युटोनियस सांगतो की सम्राट नीरोनं हलाखीत आलेल्या खानदानी सिनेटरांना वार्षिक सालारियुम बांधून दिलं, काहींना तर पाच लाख सेस्टर्शियस (रोमन नाणी). इतिहासकार टॅसिटस लिहितो की अग्रिकोला या रोमन सेनापतीला प्रांताधिकाऱ्याचं नेहमीचं सालारियुम देऊ केलं गेलं नाही. पाच लाखांचं मीठ कुणी घरी नेत नव्हतं.

मग मिठाचा धागा आला कुठून? थोरला प्लिनी या रोमन लेखकाच्या 'निसर्गेतिहासा'च्या 31व्या पुस्तकातल्या एका वाक्यातून. मिठाची महती सांगताना तो जाता जाता म्हणतो की मानाच्या पदांशी आणि लष्करी सेवेशीही मिठाचा संबंध येतो, 'सालारियुम' हे नाव त्यावरूनच पडलं. बस, एवढंच. मीठ वाटत होते की मिठासाठी पैसे देत होते, ते तो सांगत नाही. 'मिठासाठी सैनिकांना दिलेले पैसे' हा अर्थ ठामपणे छापला तो 1879च्या लुईस आणि शॉर्ट यांच्या लॅटिन कोशानं. पुरावा म्हणून तिथेही प्लिनीचं हेच वाक्य आहे. तेव्हा तो अर्थ म्हणजे कोशकारांचा तर्क, प्राचीन नोंद नव्हे.

मूळ_धातू
वरच्याशी सहमत, पण 'मिठासाठी भत्ता' हा तर्क अगदीच निराधार समजू नका. लॅटिनमध्ये '-आरियुम' लावून भत्त्यांची नावं पाडायची पद्धतच होती. 'काल्सेउस' म्हणजे जोडा, त्यावरून 'काल्सेआरियुम' म्हणजे जोड्यांचे पैसे. ओस्टिया आणि पुतेओली या बंदरांतून आळीपाळीनं रोमला पायी येणाऱ्या नौसैनिकांनी हा भत्ता मागितला, तर सम्राट व्हेस्पेशियननं त्यांना यापुढे अनवाणी धावायला लावलं, असं स्युटोनियस सांगतो. 'क्लावुस' म्हणजे खिळा, त्यावरून 'क्लावारियुम', म्हणजे जोड्यांच्या तळाला ठोकायच्या खिळ्यांचे पैसे. टॅसिटस तिथेच खुलासा करतो की हे एका बक्षिसाचं नाव आहे. म्हणजे वस्तू नावातच उरली होती, हातात पैसे पडत होते. 'सालारियुम' याच साच्यातलं आहे, म्हणून मला तरी हे स्पष्टीकरण सगळ्यात पटण्यासारखं वाटतं.

'मीठ सोन्याच्या भावानं विकलं जाई' हे मात्र सोडून द्या. सम्राट डायोक्लिशियनच्या इ.स. 301च्या दरपत्रकात मीठ आणि गहू यांचा कमाल दर एकच आहे, लष्करी मापाच्या एका मोदियुसला (धान्य मोजायचं रोमन माप) 100 देनारियुस.

नाणेवाचक
'सोल्जर'चा मिठाशी काही संबंध नाही. तो 'सोलिदुस' या सोन्याच्या नाण्यावरून आला. सम्राट कॉन्स्टंटाइननं हे नाणं काढलं, एका रोमन पौंडात 72, म्हणजे साधारण साडेचार ग्रॅमचं एक. जुन्या फ्रेंचमध्ये त्याच नावाचा अर्थ पगार असा झाला आणि पगारी लढवय्या तो सोल्जर.

'स' आणि 'ल' दिसला की मीठ शोधायची सवय वाईट. 'सॅलड', 'सॉस', 'सॉसेज', 'सलाईन' मिठाचेच. 'सॅल्यूट' आरोग्य या अर्थाच्या 'सालुस'वरून, 'सेलिएंट' उडी मारणे या क्रियापदावरून, आणि 'सेल' तर लॅटिनही नाही, तो जुन्या नॉर्सचा, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या भाषेचा.

शब्दकुतूहल
सर्वांचे आभार. प्लिनीचा संदर्भ एका ठिकाणी 31.41 असा दिलाय. तो उघडला तर तिथे पाण्याबद्दल काहीतरी आहे, मिठाचं नावही नाही.

कोशवाचक
प्लिनीला क्रमांकांच्या दोन पद्धती आहेत, त्यामुळे असं होतं. जुनी प्रकरणांची, नवी परिच्छेदांची. हे वाक्य जुन्या 41व्या प्रकरणात आहे आणि नव्या पद्धतीत तोच 89वा परिच्छेद. तुम्ही नवा 41वा परिच्छेद उघडलात, तिथे अजून पाण्याचंच वर्णन चालू आहे. 31.89 पाहा आणि 'सालारिइस' हे रूप शोधा, कारण वाक्यात शब्द प्रथमेत नाही, 'सालारियुम' टाकून सापडणार नाही. जुन्या कोशांत 31.7.41 असे तीन आकडे दिसले तर शेवटचा तेवढा प्रकरणाचा धरा.

मूळ_धातू
जोडीला हेही नोंदवा : आपला 'पगार' पोर्तुगीज 'पागार'वरून आला. तो आणि इंग्रजी 'पे', दोन्ही लॅटिन 'पाकारे'चे वंशज. 'पाक्स' म्हणजे शांतता, 'पाकारे' म्हणजे शांत करणे, त्यातून पुढे देणेकऱ्यानं पैसे देऊन सावकाराला शांत करणे. इथल्या पायऱ्या 'सॅलरी'पेक्षा कितीतरी स्पष्ट आहेत.