मदत हवी आहे : कबुलीजबाब स्वेच्छेने दिला होता का, हे अपिलात नव्याने तपासले जाते का?

नमस्कार. माझ्या मामेभावाला खुनाच्या खटल्यात सत्र न्यायालयाने जन्मठेप सुनावली असून त्याचे अपील उच्च न्यायालयात दाखल आहे. वकील अनुभवी आहेत आणि त्यांच्यावर आमचा विश्वास आहे. परंतु कागदपत्रे वाचताना पडलेला एक प्रश्न मला स्वतःला नीट समजून घ्यायचा आहे, म्हणून हा धागा.

निकालाचा मुख्य आधार म्हणजे (२०२४ पर्यंत लागू असलेल्या) फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली दंडाधिकाऱ्यांनी २०२१ मध्ये नोंदवलेला कबुलीजबाब. भावाला पोलीस कोठडीतून थेट त्यांच्यासमोर नेले होते आणि विचार करण्यासाठी दिलेला वेळ नोंदीनुसार पाऊण तास आहे. कबुली देणे बंधनकारक नाही, दिल्यास ती तुमच्याविरुद्ध वापरली जाऊ शकते, कोणाचा दबाव आहे का, हे सारे छापील नमुन्यात असून प्रत्येक उत्तर एका शब्दाचे आहे. कबुली दिली नाही तरी पुन्हा पोलिसांच्या ताब्यात दिले जाणार नाही, असे आपण त्याला सांगितले नव्हते, हे दंडाधिकाऱ्यांनी उलटतपासणीत मान्य केले. (कलम १६४(३) मध्ये नेमके हेच संरक्षण होते, ज्याच्यासाठी ते होते त्यालाच ते ठाऊक नसेल तर त्याचा उपयोग काय?) सत्र न्यायालयाने मात्र नमुना पूर्ण भरलेला आहे, आरोपीने त्या वेळी तक्रार केली नाही आणि जबाब दोन वर्षांनी, कलम ३१३ खाली न्यायालयाने आरोपीला विचारलेल्या प्रश्नांच्या उत्तरांत फिरवला, एवढ्यावर तो स्वेच्छेचा ठरवला.

साक्षीदाराला समोर पाहून काढलेल्या निष्कर्षात अपील न्यायालय सहसा हात घालत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण येथे निष्कर्ष कागदावरून काढलेला आहे, आणि तोच कागद उच्च न्यायालयापुढेही आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८५ च्या मिलर विरुद्ध फेंटन प्रकरणात स्वेच्छेचा प्रश्न कायद्याचा मानला आणि राज्य न्यायालयाच्या निष्कर्षावर न विसंबता संघीय न्यायालयाने त्यावर स्वतंत्र निर्णय करावा, असे ठरवले. आपल्याकडे उच्च न्यायालयाला अशी मोकळीक असते का?

प्रतिसाद :

असते, आणि त्यासाठी प्रश्न कायद्याचा की वस्तुस्थितीचा हा वाद घालावा लागत नाही. शिक्षेविरुद्धच्या पहिल्या अपिलात उच्च न्यायालयाने संपूर्ण पुरावा स्वतः नव्याने तोलायचा असतो. पुढे सर्वोच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद १३६ खाली (विशेष परवानगीने येणाऱ्या अपिलात) दोन्ही न्यायालयांचा एकसारखा निष्कर्ष सहसा मोडत नाही, म्हणून हा मुद्दा आताच पूर्ण ताकदीने मांडला गेला पाहिजे.

सरवन सिंग विरुद्ध पंजाब राज्य (१९५७) हा निकाल अवश्य वाचा. आधी स्वेच्छा, आणि ती पटली तरच सत्यता, हा क्रम त्यात आहे. विचारासाठी साधारणपणे किमान २४ तास द्यावेत, असेही म्हटले आहे. हा काटेकोर नियम नव्हे, पण पोलीस कोठडीतून थेट आणलेल्या माणसाला पाऊण तास पुरेसा का वाटला, याचे उत्तर निकालपत्रात असायला हवे होते. दबावाखाली दिलेली कबुली बाद ठरवणाऱ्या, २०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या कलम २४ मध्ये दबाव ‘सिद्ध झाला’ असे नव्हे, तर न्यायालयाला तसे ‘दिसले’ असे शब्द होते, आणि त्यासाठी पूर्ण सिद्धतेहून कमी संभाव्यता पुरते, असे प्यारेलाल भार्गव प्रकरणात (१९६३) सांगितले आहे. तेव्हा आरोपीने त्या वेळी तक्रार केली नाही, एवढ्यावर हा विषय मिटत नाही.

एक सावधगिरी मात्र बाळगा. कबुली वगळली म्हणजे सुटका झाली, असे नव्हे. त्याच पुरावा कायद्याच्या कलम १६७ नुसार, अयोग्यरीत्या घेतलेला पुरावा बाजूला ठेवूनही उरलेला पुरावा निकालाला पुरेसा असेल, तर शिक्षा टिकू शकते. त्याच कायद्याच्या कलम २७ खाली, म्हणजे आरोपीने कोठडीत दिलेल्या माहितीवरून, काही वस्तू जप्त झाली होती का, आणि पंच न्यायालयात काय बोलले, हे कळवू शकाल का?