एका सौर पॅनेलवरच्या सावलीने सहाही पॅनेलांची वीज का घटते? मार्गदर्शन हवे आहे

नमस्कार. साताऱ्यातील आमच्या घराच्या गच्चीवर ५४० वॅटची सहा पॅनेले एकाच माळेत, म्हणजे एकसर जोडणीत, बसवलेली आहेत. खाली ३ किलोवॅटचा इन्व्हर्टर आणि नेट मीटर (घेतलेली व परत दिलेली वीज मोजणारा) आहे. वर्षभर काही तक्रार नव्हती. दिवाळीनंतर मात्र दुपारी तीनच्या सुमारास नैर्ऋत्येकडील पाण्याच्या टाकीची सावली कडेच्या एका पॅनेलच्या खालच्या अर्ध्या भागावर येऊ लागली आणि तेवढ्यानेच साऱ्या संचाचे उत्पादन १,९५० वॅटवरून १,२०० वर येते. संच बसवणाऱ्यांनी ‘हिवाळ्यात असे होतेच’ असे सांगितले. पण हिवाळा काही रोज तीनच्या ठोक्याला सुरू होत नाही.

माझी समजूत अशी आहे. सिलिकॉनच्या पातळ चकतीत, म्हणजे सेलमध्ये, एका बाजूला फॉस्फरसचा आणि दुसऱ्या बाजूला बोरॉनचा अंश मिसळलेला असतो, त्यामुळे दोहोंच्या सांध्यापाशी विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाने मोकळा झालेला इलेक्ट्रॉन हे क्षेत्र एकाच दिशेला ढकलते. एका सेलमधून जेमतेम अर्ध्या व्होल्टहून थोडा अधिक दाब मिळतो, म्हणून सेल एकापुढे एक जोडून पॅनेलमागे सुमारे ४१ व्होल्ट केले जातात. हा एकदिश प्रवाह इन्व्हर्टर घरच्या २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच्या प्रत्यावर्ती प्रवाहात बदलतो. एकसर जोडणीत सर्वांत अशक्त पॅनेल इतरांचा प्रवाह अडवते, हेही कळते; पण ते टाळण्यासाठीच प्रत्येक पॅनेलमागे बायपास डायोड, म्हणजे अडलेल्या भागाला वळसा घालून प्रवाह पुढे नेणारे भाग, असतात ना? मग नुकसान फार तर सहाव्या हिश्श्याचे व्हायला हवे. सावलीपूर्वी इन्व्हर्टरच्या पडद्यावर २४६ व्होल्ट व ८ अँपिअर दिसतात, सावलीत २५० व्होल्ट व ५ अँपिअर. डायोड बिघडले असतील का?

प्रतिसाद १:

आकडे दिलेत हे उत्तम केलेत, कारण उत्तर त्यांतच आहे. डायोड बिघडलेले दिसत नाहीत. त्यांच्यावर काम करण्याची वेळच आलेली नाही. तुमची पॅनेले अर्ध्या कापलेल्या सेलची असणार. त्यांत वरचा व खालचा भाग समांतर जोडलेला असतो. खालच्या भागाला आकाशाचा विखुरलेला उजेडच मिळत असला, तरी वरचा भाग पूर्ण चालतो आणि ते पॅनेल ५ अँपिअर देऊ शकते. सहाही पॅनेले ५ अँपिअरवर चालवायची, की अडलेले पॅनेल डायोडवाटे वगळून उरलेली पाच ८ अँपिअरवर चालवायची, हे इन्व्हर्टर ठरवतो. दुसऱ्या वाटेने २०५ व्होल्ट गुणिले ८, म्हणजे १,६४० वॅट मिळतील. पण तो लहान लहान पावलांनी दाब बदलून कुठे जास्त वॅट मिळतात याची चाचपणी करतो, आणि पहिल्या उंचवट्यावर दोन्हीकडे वॅट उतरताना दिसल्यामुळे तिथेच थांबतो. बहुतेक इन्व्हर्टरांत दाबाचा संपूर्ण पट्टा तपासण्याची सोय असते, परंतु ती बंद ठेवलेली असू शकते आणि तिचा पासवर्ड बसवणाऱ्यांकडे असतो.

पडताळा सोपा आहे. सावली असताना ते पॅनेल सतरंजीने पूर्ण झाका, म्हणजे पहिली वाटच बंद होऊन इन्व्हर्टरला दुसरी धरावी लागेल. जोडण्यांना हात लावू नका. भर उन्हात त्या सुटल्या तर ठिणगीची ज्योत विझत नाही.

मूळ प्रश्नकर्ता:

आज सव्वातीनला, सौ. वेड्यात काढत असतानाही, पॅनेल झाकले. मिनिटभरात पडद्यावर २०४ व्होल्ट आले आणि १,२०० चे १,५८० वॅट झाले. बसवणाऱ्यांना ती सोय सुरू करून देण्यासाठी उद्या बोलावले आहे.