पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना ऑटोक्रॉसमध्ये बंदी? मला साफ नामंजूर

जुनी_एस्टीम (धागाकर्ता)
आमच्या भागातल्या एका ऑटोक्रॉस (मातीच्या वळणदार ट्रॅकवर वेळ मोजून होणारी शर्यत) क्लबात पुढच्या मोसमासाठी प्रस्ताव फिरतोय, की पंधरा वर्षांपेक्षा जुन्या गाडीची एंट्री घ्यायची नाही. कारणं अशी: जुन्या गाड्या मध्येच बंद पडतात आणि दिवसाचं वेळापत्रक कोलमडतं, त्या सुरक्षित नाहीत, आणि प्रायोजकांना फोटोत नव्या गाड्या हव्यात. शेवटचं कारण मी चर्चेला घेत नाही. पहिल्या दोनांवर बोलू.

पंधरा हा आकडा आरसीच्या, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्राच्या, मुदतीवरून उचललाय, हे उघड आहे. दिल्लीची गोष्ट सोडा, पण आपल्याकडे पंधराव्या वर्षी गाडी मोडीत काढावी लागत नाही. आरटीओत दाखवून पास करून घ्यायची, पाच वर्षं वाढवून मिळतात. एप्रिल २०२२ पासून त्याचं शुल्क ६०० वरून ५००० झालं, ते भरून लोक गाड्या ठेवतातच. सरकार गाडी तपासा म्हणतं आणि क्लब म्हणतो आणूच नका.

आता पैशाचं. आपल्या खासगी गाडीच्या विमा पॉलिसीत वापराच्या मर्यादांचा परिच्छेद असतो, तो काढून वाचा. शर्यती, वेगचाचणी असल्या वापरात झालेलं नुकसान त्यात धरतच नाहीत. म्हणजे वळण चुकून गाडी बांधावर चढली, की सगळा खर्च खिशातून. हप्ते चालू असलेली दहा लाखांची गाडी असं असताना मातीत कोण घालणार? ज्याच्या दारात आणखी एक उभी आहे तोच. बाकीच्यांकडे मारुतीची झेन असते, एस्टीम असते, होंडाची जुनी सिटी व्हीटेक असते. बंदी आली तर आधी गॅरेजमधली आणि कॉलेजातली पोरं बाहेर पडतील, आणि नव्वदच्या दशकापासून या खेळाला ड्रायव्हर त्याच पोरांतून मिळत आलेत.

टर्बो_पोलो
धागाकर्ते, तुमच्या गाडीबद्दल आदर आहे, पण मी बंदीच्या बाजूने आहे.

ऑटोक्रॉसमध्ये एका वेळी एकच गाडी सुटते. त्यामुळे एक बंद पडली की मागची सगळी रांग थांबते. दोर आणा, ओढून काढा. सीव्ही जॉइंट सुटून गिअरबॉक्सचं ऑइल सांडलं असेल तर त्या वळणावर माती टाका. तोवर ऊन चढतं, सकाळी ओलसर असलेली माती भुसभुशीत होते, आणि नंतर सुटणाऱ्याला पहिल्यासारखा ट्रॅक मिळत नाही. सेकंदाच्या शंभराव्या भागाने निकाल लागणाऱ्या खेळात हा सरळ अन्याय आहे.

आणि जुनी गाडी स्वस्त पडते हेही मला पटत नाही. आधी शॉकअप, मग लोअर आर्मचे बुश, मग रेडिएटर, मग क्लच. एकेक बिल छोटं दिसतं म्हणून बेरीज कोणी करत नाही. मोसम संपल्यावर करून बघा.

कुर्ला_गॅरेज
पोलोभाऊ, बेरीज आम्ही रोज करतो. एस्टीममधलं जी१३ घराण्याचं इंजिन जिप्सीत होतं, २००५च्या पहिल्या स्विफ्टमध्ये होतं, आणि एलजीबी फॉर्म्युल्याच्या एकाच सीटच्या रेसिंग गाडीलाही स्विफ्टचंच १३०० सीसीचं इंजिन बसवलं. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला, सुट्या भागांच्या बाजारात, दोन तास फिरलात तरी हेड, गिअरबॉक्स, एक्सल, सगळं हाताशी येतं. तुमच्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा मेकॅट्रॉनिक (त्याचं कंट्रोल युनिट) गेला तर काय बिल येतं तेही इथे लिहा.

पण एक गोष्ट तुमची खरी आहे. ऑइल गळत असताना गाडी घेऊन येणारे महाभाग आहेत. त्यांना परत पाठवा ना! गळती काय पाच वर्षांच्या गाडीला होत नाही?

स्क्रुटिनीकाका
शर्यतीआधीची स्क्रुटिनी, म्हणजे गाड्यांची तपासणी, मी करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

जुन्या गाडीत मला इंजिनाची भीती नाही. ते बंद पडलं तर गाडी उभी राहील, एवढंच. भीती पत्र्याची आहे. बॉनेट उघडून शॉकअप जिथे वर बोल्टने धरलेला असतो तिथे बघा. मुंबई-कोकणात पावसाळे काढलेल्या गाडीला तिथे वरून रंग चकाचक असतो. अंगठ्याने दाबलं तर काही कळत नाही. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून जोर दिला की टोक आत जातं, आणि बाहेर येताना तपकिरी चुरा घेऊन येतं. तीच गत दाराखालच्या पट्टीची आणि सीटखालच्या फ्लोअरची. अशा गाडीत चालक गच्च बांधलेला असतो, पण ज्या पत्र्याला बांधलाय तोच कुजलेला.

रोल केजचंही, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या नळांच्या पिंजऱ्याचंही, तेच. एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेच्या नियमात मुख्य कमानीला ४५ मिमी व्यासाचा, अडीच मिमी जाडीचा किंवा ५० मिमी व्यासाचा, दोन मिमी जाडीचा नळ सांगितलाय. केजच्या प्रत्येक पायाखाली किमान तीन मिमी जाडीची, १२० चौरस सेंटिमीटरची पट्टी लागते. नळ मोजून घेतो, पट्टी मोजून घेतो, पण ती पट्टी गंजलेल्या फ्लोअरवर वेल्ड केलेली असेल तर गाडी उलटल्यावर केजचा पाय फ्लोअर फाडून खाली जाणार.

आणखी एक, आणि हे सगळ्यांना लागू. चालकाला सीटला बांधणाऱ्या हार्नेसच्या पट्ट्यावर शिवलेलं लेबल वाचा. एफआयए मान्यतेचे पट्टे बनवल्याच्या वर्षानंतर पाचव्या वर्षाअखेर बाद होतात. नव्याकोऱ्या गाडीत सेकंडहँड, मुदत उलटलेले पट्टे बांधून आलेले मी परत पाठवलेत, आणि त्यावरून भांडणंही झाली आहेत.

दोष नव्या गाडीतही सापडतात, तरी मी बंदीच्या विरोधात उभा राहणार नाही. सकाळी सहाला स्क्रुटिनी सुरू होते, आठला पहिली गाडी सोडायची असते, तपासायला माणसं दोन. फ्लोअरमॅट उचलून प्रत्येक गाडी नीट बघायला वेळ कुठला? वयाची अट ढोबळ आहे, पण ती आरसी बघून मिनिटात लागू करता येते.

नेव्हिगेटर_ताई
काका, तुमच्या अडचणीवर उत्तर आहे, शेवटी लिहिते.

आधी एक वेगळाच मुद्दा. मी नवीन मुलींना शिकवते. मातीवरच्या तीव्र वळणात हँडब्रेक ओढून गाडीची मागची बाजू फिरवायची असते. आता कित्येक नव्या गाड्यांत हँडब्रेकच्या जागी बटण आलंय, ते दाबून गाडी वळत नाही. ईएसपीचं (गाडी घसरू न देणाऱ्या यंत्रणेचं) बटण बंद केलं तरी बऱ्याच गाड्यांत तो पूर्ण बंद होत नाही. गाडी घसरायला लागली की इंजिनची ताकद आपोआप कापली जाते आणि मुलीला कळतच नाही की तिने काय बरोबर केलं. झेनमध्ये एका सकाळी कळतं. वजन पुढे कधी गेलं, मागचं चाक कधी सुटलं, हे सीटमधून समजतं. शिकायला मला जुनीच गाडी हवी.

आणि जुन्या गाड्या म्हणजे कमी प्रतीचा खेळ, असं जगात कोणी मानत नाही. डाकार या वाळवंटी रॅलीने २०२१पासून डाकार क्लासिक सुरू केलं, खास जुन्या गाड्यांसाठी. तिथे भर निव्वळ वेगावर नाही, ठरलेला सरासरी वेग राखण्यावर आहे. आपल्याला ते जसंच्या तसं उचलायची गरज नाही, पण जुन्या गाड्यांना वेगळा क्लास आणि वेगळी वेळ देता येते.

उत्तर हे: पंधरा वर्षांवरच्या गाड्यांची स्क्रुटिनी आदल्या शनिवारी, एखाद्या गॅरेजमध्ये, गाडी लिफ्टवर घेऊन. फी वेगळी. जो येणार नाही त्याची एंट्री रद्द.

कुर्ला_गॅरेज
लिफ्ट माझी, पैसे नकोत. आणि पोलोभाऊ, भारतातल्या पहिल्या पोलो जीटी टीएसआय २०१३च्या. २०२८ला त्या पंधराच्या होतील. पोलो तर इथे २०२२लाच बंद झाली.

टर्बो_पोलो
माहीत आहे. तेव्हा मी गाडी बदलेन. नियम मला सोयीचा आहे म्हणून मी बोलत नाहीये.

शनिवारच्या स्क्रुटिनीला माझा विरोध नाही, पण वेळापत्रकाचं काय? पत्रा धडधाकट असलेली गाडीही मध्येच बंद पडते. त्याचा भुर्दंड बाकीच्यांनी का सोसायचा?

जुनी_एस्टीम
रास्त आहे. मग नियमात असं लिहू: गाडी ओढून काढावी लागली किंवा ट्रॅकवर ऑइल सांडलं, तर त्या दिवसाच्या उरलेल्या रन रद्द, एंट्री फी परत नाही. नवी असो वा जुनी. जुन्यांचा क्लास शेवटी सोडू, म्हणजे तुमचा ट्रॅक खराब होणार नाही. बिघडलेली माती आम्हाला चालेल.

काका, ताईंचा शनिवार तुम्हाला जमेल का? तुमचं हो असेल तर मी आजच कमिटीला लिहितो.

स्क्रुटिनीकाका
येईन. अटी दोन. फ्लोअरमॅट आणि खालची कार्पेट घरूनच काढून आणा, तिथे आल्यावर स्क्रू शोधत बसू नका. आणि मी पत्रा नापास केला तर त्यावर बॉडी फिलर फासून रविवारी सकाळी पुन्हा रांगेत उभं राहायचं नाही. कापून नवीन पत्रा वेल्ड केलेला दिसला तरच पुढच्या वेळी बघेन.

टर्बो_पोलो
मत माझं बंदीलाच राहील. कमिटीला लिहाल तेव्हा ऑइलवाल्या कलमाखाली माझी सही घ्या.