जालावर काही चांगलं सापडलं, तर ते टाकायचं कुठे?

पागोळी (धागाकर्ती):
माझं म्हणणं सरळ आहे. जालावर काही रोचक सापडलं तर ते व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ढकलून मोकळं होऊ नका. कुणालाही शोधून सापडेल अशा उघड्या जागी ठेवा, आणि ते का आवडलं हे स्वतःच्या चार ओळींत लिहा. मराठीत तर याची फारच गरज आहे.

उदाहरण देते. रात्री वरळी सी-फेसवर उभं राहिलं की दूर समुद्रात दिवे दिसतात. मरीनट्रॅफिक या साइटवर मुंबईचा नकाशा उघडला की त्यातलं एकेक जहाज ओळखू येतं: नाव काय, झेंडा कुठल्या देशाचा, तेलवाहू आहे की कंटेनरचं, चाललंय की नांगर टाकून उभं आहे. मोठ्या जहाजांवर एआयएस हे यंत्र आंतरराष्ट्रीय नियमाने सक्तीचं आहे. चालतं जहाज दर काही सेकंदांनी रेडिओवरून आपला ठावठिकाणा सांगत असतं, नांगरलेलं दर ३ मिनिटांनी. किनाऱ्यावरचे अँटेना ते ऐकतात आणि त्यात हौशी लोकांनी आपापल्या घरी लावलेलेही बरेच असतात. म्हणजे त्या नकाशातला एखादा ठिपका कुणाच्या तरी गच्चीमुळे दिसतो. मला हे कळलं तेव्हा फार आनंद झाला होता.

आमच्या शाळेच्या ग्रुपवर हीच लिंक आली तेव्हा सोबत एक शब्दही नव्हता. खाली दोन अंगठे, मग कुणाचा तरी वाढदिवस, की संपलं. उद्या एखाद्या मुलाने ‘मुंबईच्या समुद्रात उभी असलेली जहाजं’ असं मराठीत शोधलं, तर त्या ग्रुपमधलं काहीही त्याच्या हाती लागणार नाही. ग्रुपच्या आत शोधयंत्र पोचतच नाही.

आणि हे काही मी नवीन सांगत नाहीये. १९९७च्या डिसेंबरात जॉर्न बार्गर नावाच्या अमेरिकन माणसाने नेमकं हेच सुरू केलं: रोज जालावर जे वाचलं त्याची लिंक आणि सोबत एखादी ओळ. ब्लॉग हा प्रकार तिथूनच रुळत गेला. आपण मात्र लिंक ठेवली आणि ओळ टाकून दिली.

मुलुंड_पूर्व:
ताई, असहमत.

माझी माणसं ग्रुपवर आहेत. बाबा सत्तरीच्या पुढचे, ते कुठल्याही साइटवर जाऊन वाचणार नाहीत. ग्रुपवर आलेलं मात्र चष्मा लावून शेवटपर्यंत वाचतात. तुमच्या ग्रुपवर दोन अंगठे आले, आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर अशीच विमानांची लिंक आली होती, फ्लाइटरडार२४ची. विमान ‘गो-अराउंड’ करतं म्हणजे काय, उतरता उतरता परत वर का जातं, हे आमच्या मजल्यावरच्या निवृत्त एअरपोर्टवाल्या काकांनी रात्री व्हॉइस नोट पाठवून समजावलं. प्रश्न विचारणारी आठवीतली मुलगी होती. उघड्यावर लिहिलं असतं तर तिने विचारलं असतं का? काकांनी टाइप करून उत्तर दिलं असतं का?

ओळखीच्या माणसाने पाठवलंय म्हणून तर आपण लिंक उघडतो. हा विश्वास शोधयंत्रात नसतो.

टिपकागद:
विश्वासाचीच तर भीती वाटते, मुलुंडकर. २०१८ आठवा. मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवा देशभर फिरल्या आणि १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला जमावाने पाच निरपराध माणसं मारली. त्या काळात फिरलेला एक व्हिडिओ मुळात कराचीतल्या एका जनजागृतीच्या फिल्मचा तुकडा होता. मूळ फिल्मच्या शेवटी मोटारसायकलवाला मुलाला परत आणून सोडतो आणि पालकांनी सावध राहावं असा फलक दाखवतो. कुणीतरी नेमका तो शेवट कापला. पुढे तो फिरला तो काका, मामा, शाळेचे मित्र अशा ओळखीच्याच माणसांकडून. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपला भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घालावी लागली.

धागाकर्तीच्या चार ओळींचा मुद्दा मला इथे महत्त्वाचा वाटतो. हे कुठून आलं, मला का पटलं, एवढं लिहायला बसलं की माणूस आपोआप मूळ पान उघडून बघतो. फॉरवर्डचं बटण दाबायला मूळ बघावं लागत नाही.

मुलुंड_पूर्व:
राईनपाड्याबद्दल दुमत असूच शकत नाही. पण खोटं काय फक्त बंद ग्रुपमध्ये पसरतं? फेसबुक, एक्स, यूट्यूब, सगळं उघड्यावरच आहे की. जागा उघडी आहे म्हणून माणूस जबाबदार होत नाही.

चारकोप:
इथे एक गोष्ट कुणीच बोलत नाहीये. उघड्यावर लिहिणं बाईला आणि पुरुषाला सारखं नसतं.

मी मोबाइल अ‍ॅप्सच्या परवानग्यांबद्दल लिहायचे. टॉर्चच्या अ‍ॅपला माझे कॉन्टॅक्ट कशाला लागतात, कीबोर्ड काय काय वाचू शकतो, असल्या साध्या गोष्टी, स्वतःच्या नावाने. विषय तांत्रिक, भाषा सभ्य. तरी इनबॉक्समध्ये काय काय आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. एकाने फोटोमागच्या दुकानाच्या पाटीवरून मी कुठे राहते ते शोधून काढलं आणि मला कळवलंही. तेव्हापासून मी तेच सगळं बायकांच्या एका बंद ग्रुपवर लिहिते. तिथे प्रश्न येतात, शिव्या येत नाहीत.

पागोळी, तुमचा हेतू चांगला आहे हे कळतं. पण ‘उघड्यावर ठेवा’ हा सल्ला देताना कोणाला काय किंमत मोजावी लागते याचाही विचार हवा.

पागोळी:
चारकोप, हे वाचून संताप आला. तुम्ही बंद ग्रुप निवडलात यात मला काहीच गैर दिसत नाही, आणि तुम्ही उघड्यावर यावं असा आग्रह मी धरणार नाही. माझा रोख आहे तो ज्यांना अशी कुठलीही भीती नाही आणि तरी नुसती लिंक ढकलतात त्यांच्यावर. तुमच्यावर जी वेळ आली ती त्रास देणाऱ्यांमुळे आली, आणि ते थांबवण्याची जबाबदारी साइट चालवणाऱ्यांची आहे.

पण एक वाईट वाटतंच. कीबोर्ड काय वाचू शकतो हे मराठीत इतकं सोपं करून कुणी सांगितलंय, आणि ते माझ्या आईला कधीच सापडणार नाही.

जुना_मोडेम:
दोन्ही बाजू एक गोष्ट गृहीत धरून चालल्यात, की उघड्यावर ठेवलेलं टिकतं. नाही टिकत. लोक आपापली पानं फुकट बनवायचे ते जिओसिटीज २००९ला गेलं. सगळे ब्लॉग एका जागी वाचायचं गूगल रीडर १ जुलै २०१३ला बंद. फेसबुकासारखं ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ला. त्यावर मराठी कम्युनिटीजमध्ये रात्र-रात्र चाललेल्या चर्चा होत्या. पॉकेट नावाच्या अ‍ॅपमध्ये वर्षानुवर्षं लेख साठवत होतो, तेही जुलै २०२५मध्ये मिटलं. प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेने २०२४मध्ये पाहणी छापली होती: २०१३ साली असलेल्या पानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी उघडतच नव्हती.

मग दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयासारखं काही जालावर आहे का? तो संग्रह १८९८पासून उभा आहे. आपल्या मराठी साइट्स बहुतेक दोन-चार जणांच्या खिशातून चालतात. एका वर्षी डोमेनचे, म्हणजे साइटच्या पत्त्याचे, पैसे भरायचे राहिले की सगळं गुल.

टिपकागद:
इंटरनेट आर्काइव्ह आहे की, जालावरच्या पानांचं संग्रहालय. ब्रूस्टर केल यांनी १९९६मध्ये सुरू केलेलं. त्यांच्या वेबॅक मशीनवर ‘सेव्ह पेज नाऊ’ असा रकाना असतो, त्यात पत्ता टाकला की त्या दिवशीचं पान जपलं जातं. फुकट. मी कुठलीही लिंक कुणाला देण्याआधी हे करतोच.

जुना_मोडेम:
ऑक्टोबर २०२४मध्ये त्याच आर्काइव्हवर हल्ला झाला, कोट्यवधी खात्यांची माहिती गेली आणि साइट कित्येक दिवस बंद होती. अख्ख्या जगाची स्मृती एका संस्थेच्या गळ्यात बांधून आपण निवांत बसायचं, हे मला पटत नाही. छापा. घरच्या हार्ड डिस्कवर एक प्रत ठेवा. मी ठेवतो.

पागोळी:
ठेवाच. पण मूळ पान गेलं तरी चार ओळी उरतात, म्हणून तर त्या लिहा म्हणते. एआयएस म्हणजे काय हे मी वर लिहिलंय. मरीनट्रॅफिक उद्या बंद पडलं तरी तेवढं वाचणाऱ्याला कळेल. नुसत्या लिंकेतून काय उरणार?

सिग्नल:
सगळेच जुन्या जगात बोलताय असं मला वाटतं. लिंक आता उघडतं कोण? गूगलवर काही विचारलं की एआयने केलेला सारांश सगळ्यात वर येतो, वाचणारा तिथेच थांबतो. म्हणजे तुम्ही रात्री जागून चार ओळी लिहायच्या, यंत्राने त्या गिळायच्या आणि तुमचं नावही न घेता दुसऱ्याला वाढायच्या. कंपन्यांसाठी ही फुकट मजुरी मी का करू? माझ्या मते तर आता बंद ग्रुपमध्येच लिहिणं शहाणपणाचं. निदान वाचणारा माणूस असतो.

पागोळी:
नाव न घेता वापरतात हा अन्याय आहे, आणि त्यावर कायद्याने काहीतरी व्हायला हवं. पण आपण सगळे आत गेलो तर मराठीत विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर इंग्रजी पानांवरून ओढूनताणून भाषांतर केलेलं येणार. आत्ताही तसंच येतं. वरळीच्या समुद्राबद्दल विचारलं तर ज्याने तो कधी पाहिला नाही त्याचं वाक्य आपल्याला मराठीत वाचावं लागणार. हे मला चालणार नाही, म्हणून मी लिहिते.

सिग्नल:
ते तुम्ही लिहिलंत तरी यंत्र त्याचंच वाक्य आधी दाखवेल. मी नाही लिहिणार.

मुलुंड_पूर्व:
पागोळीताई, तुमचा जहाजांचा परिच्छेद सोसायटीच्या ग्रुपवर टाकू का? तुमच्या नावाने आणि या धाग्याच्या पत्त्यासह. काकांचा भाऊ जहाजावर होता, तो त्यात नक्की काहीतरी भर घालेल. मत माझं तेच आहे, ग्रुप सोडणार नाही.