मदत हवी आहे: चौघी मैत्रिणी, तांबडा-पांढरा आणि ग्लासभर वाईन. कोल्हापुरात बसायचं कुठं?

नमस्कार मंडळी,

फेब्रुवारीतल्या एका शनिवार-रविवारी माझ्या तिघी मैत्रिणी कोल्हापूरला येताहेत. शिवाजी विद्यापीठाच्या लेडीज हॉस्टेलवर आम्ही चौघी एकत्र होतो. आता एक मुंबईत, एक बंगळुरूला आणि एक नाशिकला एका वायनरीत नोकरीला. मी एकटीच गावात राहिले, म्हणून सगळा बंदोबस्त माझ्या गळ्यात पडलाय.

मागणी साधी आहे. शनिवारी संध्याकाळी दोन-तीन तास निवांत बसायचं, चांगलं जेवायचं, सोबत वाईन घ्यायची. मुंबईत हे वांद्र्याला किंवा काळा घोड्याला कुठंही जमलं असतं. इथं मात्र माझी पंचाईत झालीय, कारण जिथं मटण मनासारखं मिळतं तिथं वाईन नाही आणि जिथं वाईन मिळते तिथला तांबडा रस्सा म्हणजे नुसता तेलाचा तवंग.

खानावळीचं म्हणाल तर ताट येतं, वाट्या भरल्या जातात, आपण जेवतो आणि उठतो. दारात लोक ताटकळत उभे असताना गप्पा मारत बसणं आपल्यालाच बरं वाटत नाही. आणि परमिट रूम म्हणजे खाली काळ्या काचा, वर ‘फॅमिली सेक्शन’. तिथं प्लायवूडच्या केबिन, पडदे आणि मोठ्या आवाजात क्रिकेट. मागं एकदा नवऱ्याबरोबर अशाच एका ठिकाणी (नाव घेत नाही) रेड वाईन मागितली. वेटर आत जाऊन विचारून आला, बाटली शोधून आणली आणि शांतपणे म्हणाला, “ताई, सोडा किती घालू?” पोरगा चांगला होता, त्याच्यावर राग नाही. पण नाशिकवालीसमोर हे झालं तर ती मला जन्मभर ऐकवेल.

आणखी एक अडचण. सासरे मंगळवार पेठेतले, तालमीतले, निम्मं गाव त्यांना ओळखतं. घरी सगळं सांगूनच जाणार आहे, त्यामुळे लपवाछपवी नाही. तरी शेजारच्या टेबलावरून “अमक्यांच्या सूनबाई ना तुम्ही?” एवढं टळलं तर बरं.

चौघींतली एक शाकाहारी, एक पीत नाही (तीच बंगळुरूवाली, गाडी घेऊन येतेय). माणशी दीड-दोन हजारांपर्यंत चालेल. राजारामपुरी, ताराबाई पार्क, नागाळा पार्क, कावळा नाका, कुठंही.

फडतरेंची मिसळ, राजाभाऊंची भेळ, गंगावेशीतलं धारोष्ण दूध मला माहीत आहे आणि तिथं नेणारच आहे. कृपया ‘रंकाळ्यावर फिरवा’ असा सल्ला देऊ नये.

— राजारामपुरीकरीण

पेठकर म्हणतात:

ताई, शनिवार म्हणालात. मैत्रिणी शनिवारी मटण खातात का ते आधी विचारलं का? आमच्याकडं सोमवार, गुरुवार, शनिवार चुलीवर अंडंसुद्धा चढत नाही. निम्म्या घरांत तीच रीत. खाणाऱ्यांना वार नसतो म्हणा, पण मटणाला खरा जोर बुधवारी आणि रविवारी. शनिवारी खानावळीत गर्दी कमी, हा तुमचा फायदा. फक्त दुपारचं उरलेलं रात्री गरम करून येत नाही ना, एवढं बघा. ताजा पांढरा रस्सा मऊ असतो. फार वेळ उकळत राहिला की नारळाचं दूध फुटतं आणि वाटीत बारीक कण दिसतात. तसं दिसलं की पुढच्या वेळी दुसरी खानावळ.

मूळ प्रश्नाला उत्तर: एका छताखाली दोन्ही मिळणार नाही, शोधू नका. मटण हा आपल्याकडं जेवणाचा विषय आहे, बैठकीचा नाही. लक्ष्मीपुरीत पद्मा गेस्ट हाऊसला ताट घेऊन बसलेला माणूस बघा, तो कुणाशी बोलतो का?

राजारामपुरीकरीण:

विचारलं. मुंबईवाली म्हणाली, “माझ्या आईला सांगू नकोस.”

द्राक्षबागायतदार म्हणतात:

नाशिकवाली येतेय म्हणून थोडं वाईनवर बोलतो, कारण इथं लोक हमखास चुकतात. मटण म्हटलं की सगळे रेड मागवतात. तांबड्या रश्श्याबरोबर शिराज किंवा कॅबरने घेऊन बघा, तोंडाला आग लागते. अल्कोहोलमुळे तिखट जास्त जाणवतं आणि रेडमधला तुरटपणा, म्हणजे टॅनिन, त्या आगीत भर घालतो. आपल्या रेड वाईन तेरा-चौदा टक्क्यांच्या असतात, त्यात कांदा-लसूण मसाला, त्यात संकेश्वरी मिरची. जिभेचं काय होईल?

तिखटाशी जमतं ते गार, किंचित गोडसर, हलक्या व्हाईटचं. आपल्याकडं बनणारी शेनिन ब्लाँ बऱ्याचदा त्याच चवीची असते आणि बऱ्यापैकी सगळीकडं मिळते. पांढऱ्या रश्श्यातल्या खसखस-काजू-नारळाशीही ती भांडत नाही. सोव्हिन्यों ब्लाँ जास्त कोरडी आणि आंबटसर, ती माशाला ठेवा. रेडच हवी असेल तर सुक्या मटणाबरोबर, तीही फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवून. पुस्तकात ‘रूम टेम्परेचर’ लिहिलेलं असतं ती खोली सोळा-अठरा अंशांची, आपल्याकडच्या दुपारची नव्हे.

आणि माझं स्पष्ट मत: तांबडा रस्सा आला की ग्लास बाजूला ठेवायचा. तांबड्याला कुठलीच वाईन जुळत नाही, त्याला जुळतो तो कांदा आणि लिंबू.

बाटली ७५० मिलीची, तीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. पिणाऱ्या तिघी, म्हणजे एक बाटली पुरते.

रानवाट म्हणतात:

एवढी कटकट कशाला? मैत्रिणींपैकी कुणाला तरी गोव्यावरून यायला सांगा. तिथं स्वस्त मिळते. बाटल्या घ्या आणि पन्हाळ्यावर बंगला बुक करा.

कागदपत्री म्हणतात:

रानवाट, दोन्ही सल्ले मागं घ्या. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणणं गुन्हा आहे. आंबोली, गगनबावडा, फोंडा घाट या वाटांवर उत्पादन शुल्कवाले गाड्या अडवतात. चार बायकांची गाडी आहे म्हणून सोडत नाहीत. बाटलीमागं वाचणाऱ्या पैशांसाठी गाडी जप्त करून घ्यायची का?

आणि पन्हाळा हा गड आहे. २०२५ साली तो युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. तिथं बाटल्या घेऊन जाणं कोल्हापूरकराला सुचावं याचंच नवल वाटतं.

राजारामपुरीकरीण, तुमच्यासाठी एवढंच: १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे प्यायला परवाना लागतो. एक दिवसाचा परवाना दुकानात आणि परमिट रूममध्ये मिळतो, उगाच घाबरू नका. मात्र स्वतःची बाटली खानावळीत नेऊन फोडू नका. मालक ओळखीचा असला तरी नाही. पकडलं तर त्याचं दुकान जातं. तारीख ठरवताना ड्राय डे बघा. निवडणूक असेल तर मतदान संपेपर्यंतचे ४८ तास सगळं बंद असतं.

एक सुज्ञ नागरिक म्हणतात:

ज्या करवीरनगरीत अंबाबाई आहे तिथं बायकांनी वाईन कुठं प्यावी याची चर्चा चालू आहे. छान प्रगती.

राजारामपुरीकरीण:

काका, सकाळी अंबाबाईचं दर्शन घेऊनच फिरणार आहोत. संध्याकाळचं काही सुचवणार असाल तर सुचवा.

ताराराणी_चौक म्हणतात:

मी इथं नोकरीला आले तेव्हापासून हेच शोधत होते, त्यामुळे सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे ‘फॅमिली’ असं लिहिलेल्या पाटीवर जाऊ नका. संध्याकाळी सातच्या सुमाराला एकदा स्वतः चक्कर मारून या. आत चहा-कॉफी मिळत असेल तर तेवढी घ्या. टेबलांवर बायका दिसतात का, पोरंबाळं दिसतात का, उजेड किती आहे, टॉयलेट कुठं आहे. शेवटच्या गोष्टीवर मी दोन चांगल्या जागा सोडल्यात. एका ठिकाणी तिकडं जायची वाट भर बारमधून होती.

दुसरं, ऑनलाइन रिव्ह्यूचे तारे बघू नका, फोटो बघा. लोक मेन्यूचे आणि बिलाचे फोटो टाकतात, त्यात वाईनचं पान आहे का ते दिसतं. फोटोत फक्त व्हिस्कीचे पेग आणि चकणा दिसत असेल तर काय ते समजून जा.

तिसरं, फोन करा आणि ‘वाईन आहे का’ विचारू नका. त्याला सगळे ‘आहे’च म्हणतात. विचारा, व्हाईट कुठली आहे, ती आत्ता फ्रिजमध्ये आहे का, ग्लासनं देता की पूर्ण बाटली घ्यावी लागेल. उत्तर देणारा अडखळला तर पुढचा नंबर लावा. ग्लासनं देत असतील तर बाटली कधी उघडली हेही विचारा. उघडलेली व्हाईट फ्रिजमध्ये तीन-चार दिवस बरी राहते, नंतर नाही.

माझा अनुभव असा की मोठ्या राहत्या हॉटेलांत हे सगळं सोपं पडतं. सयाजीसारख्या ठिकाणी बाहेरगावचे पाहुणे असतात, कंपन्यांची माणसं असतात, चार बायका बसल्या तर कुणी मान वळवत नाही. तुमच्या सासऱ्यांचे तालमीतले दोस्तही तिथं सहसा नसणार. जेवण मात्र तिथं करू नका असं मी म्हणेन. वाईट म्हणून नव्हे, ते सगळ्या देशाला चालेल असं शिजवतात म्हणून.

म्हणजे संध्याकाळ दोन तुकड्यांत करा. साडेसहाला हॉटेलात बसा, वाईन आणि काहीतरी हलकं भाजलेलं घ्या. दोन तास तिथं मनसोक्त गप्पा. मग उठून खानावळीत जा आणि तिथं फक्त जेवा. पेठकर म्हणतात तसं, ताटावर बोलायचं नसतंच!

द्राक्षबागायतदार:

हेच सांगणार होतो. फक्त हॉटेलात चीज मागवण्याच्या भानगडीत पडू नका, प्रोसेस्ड चीजच्या चौकोनी फोडी आणि वर टूथपिक असं येतं. मटणाचे किंवा पनीरचे कबाब बरे. पोटात मात्र जेवणाला जागा ठेवा.

पेठकर:

झालं की मग. वाईनवाल्यांना वाईन, रस्सेवाल्यांना रस्सा. नाद खुळा.

शाकाहारी बाईंचं कुणी बघितलं नाही. खानावळीत त्यांना नुसता वाटाण्याचा रस्सा आणि पापड पडतो, पाहुण्याला असं करू नये. अख्खा मसूर आणि भाकरी जिथं चांगली मिळते अशी जागा धरा. दोन्ही करणारी हॉटेलं बायपासच्या अंगाला पुष्कळ आहेत. आणि त्यांचा रस्सा ‘व्हेज’ म्हणून आला तरी कशात शिजवलाय ते एकदा विचारा. काही ठिकाणी व्हेज आणि मटण दोन्हींना तांबड्याचा कट एकच असतो.

राजारामपुरीकरीण:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल-आज बसून फोन केले. ताराराणी ताई, तुमचे तीन प्रश्न म्हणजे गाळणी आहे गाळणी. एकानं सांगितलं, “व्हाईट आहे मॅडम, पण पाहुणे आले की फ्रिजात ठेवतो.” दुसरा म्हणाला दोनच प्रकार आहेत, दोन्ही रेड. तिसऱ्यानं न अडखळता शेनिनचं नाव घेतलं, गार आहे म्हणाला आणि बाहेर लॉनवर बसता येईल असंही सांगितलं. साडेसहाचं टेबल त्यांच्याकडं घेतलंय.

खानावळवाल्या मावशींना फोन केला तर म्हणाल्या, “टेबल राखून ठेवत नाही बाई, पण निघताना फोन कर, बसवते.” शाकाहारी बाईसाठी वेगळ्या पातेल्यात अख्खा मसूर करून द्यायला तयार झाल्या, फक्त सकाळी कळवायचं.

आता राहिलं एकच. गाडी बंगळुरूवाली चालवणार, पण तिला पेठेतल्या गल्ल्या ठाऊक नाहीत. हॉटेल कावळा नाक्याकडं, खानावळ पार आत. रात्री गाडी लावायला जागा मिळते का तिथं?

पेठकर:

नाही मिळत. गाडी हॉटेलातच राहू द्या आणि रिक्षा करा, दोन करा, चौघी एकीत मावणार नाही. नऊला नका, साडेआठलाच टेकवा. सुकं आधी संपतं.